मार-मोझेल सायकलमार्गावर बाबांना घेऊन: एका ट्रिपचं पोस्टमॉर्टम

आधी पेशंट कोण ते सांगते. बाबा, वय 68, पाटबंधारे खात्यातून रिटायर, डावा गुडघा कुरकुरणारा, आणि दोन वर्षांपूर्वी स्कूटरवर मागून गाडी घासून गेल्यापासून एक सवय लागलीये की मागून इंजिनचा आवाज आला की हे जागच्या जागी पाय टेकतात. चालत असले तरी थांबतात. सायकल मात्र आयुष्यभर चालवलेली, ऑफिसला रोज जाऊन येऊन, पण शेवटची कधी विचारलं तर "तू शाळेत होतीस तेव्हा". आम्ही राहतो जर्मनीत, कोब्लेन्झला, ते तीन महिन्यांसाठी आलेले, आणि खिडकीतून राइन काठचे सायकलवाले बघून बघून एक दिवस म्हणाले, मला पण घेऊन चल की, पण गाड्या नकोत. एवढीच अट. गाड्या नकोत.

तर ही केस अशी: चार माणसं, मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि बाबा, सप्टेंबरच्या मधला शनिवार, हातात एक दिवस, फार तर दीड, आणि रस्ता असा हवा की जिथे मागून मोटर येणार नाही, चढ गुडघ्याला झेपेल, आणि मधेच नको झालं तर घरी परतायची सोय असेल. हे लिहितेय कारण नंतर दोघा-तिघांनी विचारलं की आईवडिलांना घेऊन जमेल का, आणि "हो मस्त आहे जा" एवढं उत्तर दिलं तर ती फसवणूक होईल. आमचं जमलं, पण एका जागी साफ फसलं, आणि ते माझ्या प्लॅनिंगमुळे.

पहिला विचार अर्थातच मोझेल नदीकाठचा मार्ग. सपाट, प्रसिद्ध, दारात. पण तो बऱ्याच पट्ट्यात मोठ्या रस्त्याला चिकटून जातो, म्हणजे सायकलची लेन वेगळी असली तरी शेजारून बाइकवाल्यांच्या झुंडी गुरगुरत जातात, आणि बाबांचा प्रॉब्लेम गाडी अंगावर येण्याचा नाहीये, आवाजाचा आहे. म्हणून तो कट. दुसरा, आयफेलच्या ज्वालामुखी टेकड्यांमधले डोंगरी मार्ग, सुंदर, पण वर-खाली वर-खाली, गुडघ्याची वाट. मग उरला मार-मोझेल राडवेग, राडवेग म्हणजे सायकलमार्ग. आयफेलमधल्या डाउन गावापासून मोझेलवरच्या बर्नकास्टेल-कुएसपर्यंत 58 किलोमीटर, बहुतेक सगळा जुन्या बंद पडलेल्या रेल्वेलाइनवर डांबर घालून केलेला. रेल्वेलाइन म्हणल्यावर बाबांचे डोळे चमकले. म्हणाले, "मग चढाची काळजीच नको. इंजिन जिथून चढत होतं तिथून मी चढीन. कालवा आणि रेल्वे, दोघांची अक्कल एकच, डोंगराशी भांडायचं नाही, वळसा घालायचा."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं हसून सोडून दिलं. नंतर त्यानेच मला आडवं केलं, पण ते पुढे.

दिशा ठरवायला वेळ लागला नाही. डाउन उंचावर, मोझेल खाली, सुरुवातीला हलका चढ आणि मग बहुतेक उतार. (गावाचं नावच डाउन, रस्ता पण डाउन, हा जोक बाबांनी दिवसभरात किमान सहा वेळा केला.) वर न्यायला रेगिओराडलर नावाची बस आहे, मागे सायकलींचा ट्रेलर लावलेली, बर्नकास्टेल-व्हिटलिश-डाउन अशी, 1 एप्रिल ते 1 नोव्हेंबर चालते आणि सायकलची जागा आधी बुक करता येते. म्हणजे कोब्लेन्झहून ट्रेनने व्हिटलिश स्टेशन, तिथून बसने डाउन, तिथून सायकलने खाली. ट्रेनमध्ये या राज्यात वीकेंडला सायकलचं वेगळं तिकीट लागत नाही. मी जातानाच्या बसच्या चार जागा बुक केल्या. परतीच्या केल्या नाहीत. का, तर किती वाजता पोचू कुणास ठाऊक, आणि बर्नकास्टेल ते व्हिटलिश काय, हाकेच्या अंतरावर. ही चूक नंबर एक, पण गंमत म्हणजे ती महागात पडली नाही. महागात दुसरी पडली.

ई-बाइक का नाही घेतली असं सगळे विचारतात. बाबांना देणारच होते, पण पंचवीसेक किलोचं धूड, तोल गेला तर सावरता येत नाही, आणि इतक्या वर्षांनी सीटवर बसणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी पॅडल मारल्यावर आपोआप पुढे धावणारं यंत्र द्यायची मला भीती वाटली. साधी सायकल भाड्याने घेतली, मधे आडवा दांडा नसलेली, सात गिअरवाली.

आणि इथे एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. इथल्या भाड्याच्या साध्या सायकलींना पुष्कळदा मागचा ब्रेक पायात असतो. पॅडल उलटं मारलं की चाक जॅम. आता आपल्याकडे सायकल शिकलेल्या माणसाची सवय काय? सिग्नलला थांबलं की पॅडल पायाने उलटं फिरवून वर आणून ठेवायचं, निघताना दाब द्यायला. बाबांनी दुकानाच्या बाहेर तेच केलं आणि सायकल खाटकन थांबली, हे पुढे हँडलवर. परत केलं, परत खाटकन. "अगं हिची चेन अडकतेय." चेन अडकत नव्हती. वर हातातला एकुलता ब्रेक पुढच्या चाकाचा. अर्धा तास आम्ही रिकाम्या पार्किंगमध्ये फक्त थांबायची प्रॅक्टिस केली, चालवायची नाही, थांबायची. आमच्या अख्ख्या तयारीतला सगळ्यात कामाचा अर्धा तास तोच. पॅडल वर आणायचं असेल तर सायकल थोडी मागे ओढायची नाहीतर मागचं चाक उचलून फिरवायचं, हे बाबांनी स्वतः शोधून काढलं आणि मग लेकीला शिकवत बसले जिला त्याची काहीच गरज नव्हती.

डाउनला उतरलो साडेदहाला. निघाल्या निघाल्या जुना रेल्वेपूल लागतो, 28 मीटर उंच, दरीवरून, कठड्यापाशी थांबून खाली गावाची छपरं दिसतात. बाबा तिथेच दहा मिनिटं थांबले, दगडी कमानी बघत, दगड कुठला असेल, चुना की सिमेंट वगैरे. मग हलका चढ, इतका हलका की लेकीला कळलाही नाही, बाबांना कळला पण बोलले नाहीत, फक्त गिअर बदलल्याचा टक आवाज. आमची रांग ठरलेली होती: मी पुढे, मधे लेक, मग बाबा, आणि सगळ्यात मागे नवरा. कारण या मार्गावर गाड्या नसल्या तरी मागून सायकलवाले येतात, घंटी वाजवतात, आणि पहिल्या घंटीला बाबांनी पाय टेकलाच. मग नवऱ्याने ठरवलं की मागून कुणी आलं की तो आधी ओरडणार, "बाबा, एक जण डावीकडून". ओळखीचा आवाज आधी, अनोळखी घंटी नंतर. पाच-सहा किलोमीटरनंतर बाबांनी मागे बघणं सोडलं. मला वाटतं ट्रिप खरी तिथे सुरू झाली.

मग बोगदा. ग्रोसेस श्लिट्झओर, 560 मीटर. आत लाइट आहेत पण बाहेरच्या उन्हातून शिरलं की दोन-तीन सेकंद काही दिसत नाही, त्यात मी गॉगल काढायला विसरलेली, आणि थंडी अशी की घामाचा शर्ट पाठीला बर्फासारखा चिकटतो. जॅकेट चारही बॅगांच्या तळाशी. लेक ओरडून प्रतिध्वनी काढत होती, बाबा मधेच उतरून भिंतीवर हात फिरवून बघत होते, पाणी झिरपतंय का. मागून येणारी एक जर्मन आजी त्यांना वळसा घालून शांतपणे निघून गेली.

इथपर्यंत सगळं प्लॅनप्रमाणे. आता माझा पराक्रम.

मी घरी बसून यादी केली होती की मार बघायचे. मार म्हणजे काय तर ज्वालामुखीचा खड्डा, पण डोंगराच्या टोकावरचा नाही. खालून वर येणारा तप्त रस जमिनीतल्या पाण्याला भिडला, पाण्याची एका झटक्यात वाफ झाली, वरचा खडक उडाला, आणि उरलेल्या भोकात नंतर पाणी साचलं. गोल तळी, काठाला राखेचा आणि दगडचुऱ्याचा बंध. डाउनजवळ अशी तीन एकमेकांना लागून आहेत, 20 ते 30 हजार वर्षांपूर्वीची, गेम्युंडेनर 39 मीटर खोल, वाइनफेल्डर 51, शाल्केनमेरेनर 21. आयफेलमधलं सगळ्यात तरुण मार उल्मेनचं, ते तर फक्त 11 हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे माणसं आसपास हिंडत होती तेव्हाचं. हे सगळं वाचून कोण नुसतं सायकलवरून पुढे जाईल? मी ठरवलं शाल्केनमेरेनला मार्ग सोडायचा, खालचं तळं बघायचं, मग वर वाइनफेल्डरला जायचं, त्याला टोटेनमार म्हणतात, मृतांचं मार, कारण काठावरचं वाइनफेल्ड गाव सोळाव्या शतकात प्लेगमध्ये उजाड झालं आणि आता तिथे फक्त छोटं चॅपेल आणि दफनभूमी उरलीये. नकाशावर दोन तळी अशी शेजारी शेजारी, बोटभर अंतर.

बोटभर अंतर खरंच आहे. फक्त दोन्ही तळ्यांच्या पाण्याच्या पातळीत 60 मीटरहून जास्त फरक आहे, आणि मधल्या धारेवरून जातो तो गाड्यांचा रस्ता.

आता बाबांचं ते वाक्य आठवा. रेल्वे डोंगराशी भांडत नाही, वळसा घालते. म्हणजे रेल्वेवरून काढलेला सायकलमार्ग पण ज्वालामुखी टाळूनच जाणार ना! ज्या गोष्टीमुळे गुडघा वाचतो त्याच गोष्टीमुळे मार बाजूला राहतात, आणि बघायचे असतील तर मार्ग सोडावाच लागतो, आणि मार्ग सोडला की चढ आणि गाड्या दोन्ही एकदम परत येतात. मी "ट्रॅफिक-फ्री रूट" असं वाचलं आणि माझ्या यादीतली ठिकाणं पण ट्रॅफिक-फ्री आहेत असं धरून चालले. नकाशावर मार्ग हिरवा दिसत होता, मी काढलेल्या फाट्याला रंगच नव्हता आणि माझ्या ते डोक्यातही आलं नाही.

शाल्केनमेरेनचं तळं छान झालं, काठावर बसून थेपले खाल्ले, लेकीने पाय बुडवले. मग वरचा रस्ता. बाबा पहिल्या शंभर मीटरलाच उतरले, सायकल ढकलत चालू लागले, ठीक आहे, ढकलू. अर्ध्यात वळणावर मागून आवाज आला. आयफेल म्हणजे मोटरसायकलवाल्यांची पंढरी, आणि शनिवार दुपार. एक नाही, सात-आठ, एका मागोमाग, वळणावर गिअर खाली टाकत. त्यांची काही चूक नव्हती हां, पुरेसं अंतर सोडून गेले, शेवटच्याने तर हात पण केला. पण बाबा रस्त्याच्या कडेच्या गवतात, सायकल आडवी पडलेली, दोन्ही हातांनी हेल्मेटचा पट्टा धरून उभे. तोंड पांढरं. आवाज गेल्यावर पण हलेनात. लेक काही न बोलता जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली, रस्त्याच्या बाजूला.

मी म्हणलं, परत फिरू या. बाबा म्हणाले, "फिरायचं तर याच रस्त्याने ना? मग वरच जाऊ." ते लॉजिक बरोबर होतं आणि मला आणखी वाईट वाटलं. वर गेलो. टोटेनमार खरंच जसं ऐकलं होतं तसंच आहे, काठाला एक घर नाही, हॉटेल नाही, पोहणं बंद, पाणी काळंभोर आणि चॅपेल. बाबा काठाच्या उतारावर बसून माती उकरत होते. "हे बघ, हा लाव्हा नाहीये." हातात करड्या रंगाच्या चपट्या कपच्या, फोडल्या की पापुद्रे सुटतात तशा. स्लेट. मी म्हणलं ज्वालामुखी आहे ना पण. तर म्हणाले, स्फोटात जे उडालं ते आधीचं जमिनीतलंच असणार, तेच परत काठावर पडलंय. बरोबर आहे ते, मारच्या काठाच्या बंधात बराचसा भाग फुटलेल्या मूळ खडकाचाच असतो. एक कपची त्यांनी रुमालात बांधली. उतरताना नवऱ्याने रस्ता सोडून चालायची पाऊलवाट शोधली, जी सगळा वेळ तिथे होती आणि मी नकाशात नीट बघितली असती तर मलाही दिसली असती.

या सगळ्यात दोन तास चाळीस मिनिटं गेली. पुढचं पुल्व्हरमार, गिलेनफेल्डजवळचं, जवळपास पूर्ण गोल आणि 70 मीटरच्या आसपास खोल, ते मी यादीतून काढलं. कुणालाच विचारलं नाही.

त्यानंतरचा पट्टा मात्र असा की बाबा त्याबद्दल अजून बोलतात. उतार इतका सौम्य की पॅडल मारलं नाही तरी सायकल चालते, आणि ब्रेक लावला नाही तरी सुटत नाही, जंगल, मधेच बोगदा, मधेच पूल, जुन्या स्टेशनच्या इमारती. पंधरा-वीस किलोमीटर कुणी फारसं बोललंच नाही. फक्त बाबांचा उजवा हात. अर्ध्या वाटेत कळलं की ते सतत पुढचा ब्रेक हलकेच धरून येतायत, भीतीने नाही, सवयीने, आणि बोटं आखडलीयत. पायातल्या ब्रेकची आठवण करून दिली तर म्हणाले तो अजून माझा झालेला नाही.

व्हिटलिशला पोचलो पावणेसहाला. प्लॅनप्रमाणे तेव्हा बर्नकास्टेलला असायचं होतं. आणि इथे या केसमधला खरा निर्णय. इथे थांबायचं तर स्टेशन जवळ, ट्रेन पकडून रात्री घरी, पण मग द्राक्षबागा बघायच्याच राहिल्या, कारण इथपर्यंत शेतं, जंगल, गावं सगळं होतं, नजर भरेल अशा बागा मोझेलजवळच. पुढे जायचं तर अजून वीसेक किलोमीटर, आणि परतीच्या बसला बुकिंग नाही. मी ऑनलाइन बघितलं, संध्याकाळच्या बसचा ट्रेलर फुल. नवऱ्याचं मत थांबू या. माझं पण, कारण दुपारचं ओझं होतं मनावर. बाबांना विचारलं तर त्यांनी उलट प्रश्न केला, पुढचा रस्ता कसला? रेल्वेचाच? रस्त्यावरून जायला लागणार नाही ना कुठे? मी या वेळी नकाशा मोठा करून, एकेक तुकडा बघून उत्तर दिलं. रेल्वेचाच, आणि सपाट. म्हणाले, "मग अर्धा तास पाठ टेकतो आणि निघू. द्राक्षं न बघता गेलो तर आईला काय सांगू?"

तो अर्धा तास मी फोनवर. चार ठिकाणी नाही, पाचव्या ठिकाणी लीझर गावात एका द्राक्षबागवाल्या काकूंकडे दोन खोल्या, सायकली ट्रॅक्टरच्या शेडमध्ये. पोचलो तेव्हा अंधार पडायला लागलेला, दिवे लावून. शेवटच्या तुकड्यात एक ट्रॅक्टर समोरून आला, द्राक्षांचे क्रेट घेऊन, चालण्याच्या वेगाने. मी मागे वळून बघितलं. बाबा थांबले, पाय टेकला, पण हेल्मेटला हात नाही गेला. समोरून येणारं चालतं, मागून येणारं नाही, असं रात्री जेवताना त्यांनीच सांगितलं. हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं.

सकाळी बागा. घरामागूनच सुरू होतात आणि सरळ भिंतीसारख्या वर जातात, मशीन चालत नाही म्हणून अजून हाताने कामं. तारेवर नाही चढवलेल्या वेली, प्रत्येक वेलीला स्वतःचा एक उभा खांब, आणि फांद्या वाकवून दोन बाजूंनी बांधलेल्या, बदामाच्या आकारात. जमीन म्हणजे माती दिसतच नाही, नुसत्या करड्या कपच्या, दिवसा तापतात आणि रात्री वेलीला ऊब देतात म्हणे काकू. बाबांनी रुमाल सोडला, कालची कपची काढली आणि तिथल्या कपचीशेजारी ठेवली. आता, "ज्वालामुखीच्या मातीतली वाइन" असं या भागाबद्दल कुणी बोललं तर ते इथे लागू नाही, मोझेलचा रीसलिंग, म्हणजे इथलं वाइनचं द्राक्ष, जुन्या समुद्रतळाच्या स्लेटवर उगवतो, 40 कोटी वर्षांच्या आसपासच्या, आणि वरचे ज्वालामुखी त्याच थरातून भोक पाडून बाहेर आलेत. बाबांच्या हातातल्या दोन कपच्या ओळखू येईनात कुठली कुठली. लेकीने पेनने एकीवर टी लिहिला.

बर्नकास्टेल तिथून जवळच, लाकडी चौकटींच्या घरांचा चौक वगैरे बघितला, गर्दी होती, बाबांना तासाभरात कंटाळा आला. परतीला बस नकोच म्हणाले. व्हिटलिश स्टेशनपर्यंत त्याच मार्गाने उलटे आलो, किंचित चढ आहे पण रेल्वेचा, रमतगमत दोन तास लागले. गुडघा ठीक. उजव्या हाताची बोटं दोन दिवस दुखली.

परत हीच ट्रिप लावली तर काय बदलेन? सुरुवातीपासून दोन दिवस धरेन, मुक्काम बुक करून. मार एकच, आणि तो पण मार्गापासून पायवाटेने चालत जाऊन, सायकली खाली कुलूप लावून. फाट्याचा प्रत्येक मीटर नकाशात मोठा करून बघेन, मुख्य मार्गाचा नाही बघितला तरी चालेल. जॅकेट बॅगेत सगळ्यात वर. आणि सायकल अशी मागेन जिला दोन्ही ब्रेक हातात आहेत, जरी बाबा आता म्हणतायत की पायाचाच बरा, हात मोकळे राहतात. परत करताना दुकानदाराने सायकल स्टँडला लावून पॅडल उलटं मारून बघितलं तेव्हा हे शेजारी उभे राहून मान डोलवत होते, जणू काही त्यालाच शिकवलंय.